रदबदली कशी करावी: सरपंचापासून पंतप्रधानांपर्यंत अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना

गेल्या सप्टेंबरात आमच्या गुरुवारच्या प्रार्थनेत मी तहसीलदारांचं नाव घेऊन चांगली पाच मिनिटं प्रार्थना केली. आवाज लागला होता, मागून ‘आमेन, आमेन’ येत होतं. सभा सुटल्यावर चपला घालताना एका पोरानं कानाशी येऊन सांगितलं, ‘‘काका, ते साहेब मे महिन्यातच बदलून गेले की. आता मॅडम आल्यात.’’ जालना जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांत ज्याची नोकरी गेली, अव्वल कारकून म्हणून जो निवृत्त झाला, त्याची ही गत.

तेव्हापासून आजूबाजूच्या मंडळ्यांतल्या, म्हणजे चर्चच्या सभांतल्या, प्रार्थना मी कान देऊन ऐकू लागलो. चुका सगळीकडे त्याच. कुठे नुसता ढोबळपणा: ‘प्रभू, सर्व पुढाऱ्यांना आशीर्वाद दे’ म्हणायचं आणि लगेच पुढच्या विषयाला लागायचं. कुठे टोमणा: ‘त्यांना सद्बुद्धी दे’ हे इतकं दातओठ खाऊन म्हणायचं की त्यापेक्षा शिवी परवडली.

बायबलमधल्या १ तीमथ्य या पत्रात (२:१-२) प्रेषित पौलानं राजे आणि अधिकारी यांच्यासाठी काय काय करायचं ते सांगितलंय: विनंती, प्रार्थना, रदबदली, उपकारस्तुती. यातला रदबदली हा शब्द मला कचेरीतून चांगला ओळखीचा. गावातला एखादा शहाणा माणूस दुसऱ्याच्या कामासाठी साहेबांपुढे उभा राहतो. ज्याच्यासाठी बोलायचं त्याचं नाव त्याला ठाऊक असतं, कागद कुठे अडकलाय ते ठाऊक असतं, आणि बोलतो तो त्या माणसाच्या बाजूनं. हेच देवापुढे करायचं. फरक एवढाच की इथे ज्याच्यासाठी उभं राहायचं तो खुद्द साहेब असतो.

खाली क्रम दिलाय. पायऱ्या मागेपुढे करू नका, विशेषतः पहिली गाळू नका. लोक तीच गाळतात.

पायरी १: आधी आपली फाईल वेगळी काढा

एक कोरा कागद घ्या. ज्या पुढाऱ्यांचा, अधिकाऱ्यांचा तुम्हाला राग आहे त्यांची पदं लिहा आणि समोर रागाचं कारण. फेरफार अडकवला. घरकुलाचा हप्ता थांबला. पीकविम्याच्या यादीतून नाव गळालं. भरसभेत अपमान केला.

आता कारणांचे दोन भाग करा. जे काम कायद्यानं व्हायला हवं ते अर्जात जाईल. महाराष्ट्रात २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे, २००५चा माहितीचा अधिकार आहे, महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अर्ज करा, पोच घ्या, पोच जपून ठेवा. जो मनाचा ओरखडा आहे तो मात्र गुडघ्यावर न्यावा लागेल. मत्तय ५:४४ मध्ये छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं प्रभूनं सांगितलं, ते कुणा साधुसंतांना सांगितलेलं नाही.

हे दोन भाग वेगळे केले नाहीत तर काय होतं? आमच्याकडे एका भावानं हात वर करून प्रार्थना सुरू केली, ‘‘बापा, या गावच्या कारभाऱ्यांनी पाण्याच्या टाकीचे पैसे कुठे घातले हे तुला माहीत आहे...’’ तिसऱ्या रांगेत सरपंचांच्या घरची सून बसलेली. ती विश्वासात नवीन होती, महिनाभरापासून येत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, लेकराला उचललं आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. टाकीच्या पैशांचा प्रश्न खरा असेलही. तो ग्रामसभेत विचारायचा होता.

देवापुढे गाऱ्हाणं मांडूच नये असं मी म्हणत नाही. स्तोत्रसंहितेत विलाप भरपूर आहेत, आणि अन्यायाबद्दल ‘प्रभू, किती वेळ?’ असं विचारायला पूर्ण मोकळीक आहे. पण काही जण थेट १०९वं स्तोत्र काढतात, कारण त्यात ‘त्याचं पद दुसऱ्याला मिळो’ या अर्थाची ओळ आहे. त्या ओळीच्या पुढच्या ओळी वाचा. त्यात त्या माणसाची लेकरं पोरकी होवोत असंही आहे. आमदारासाठी ते म्हणायची तयारी असेल तर तुम्ही अजून पायरी १ वरच आहात.

*तपासा: त्या माणसाचं नाव मोठ्यानं उच्चारा. तोंड कडू होत असेल तर आज त्याच्यासाठी सभेत प्रार्थना करू नका, घरी एकट्यानं करा. कडवटपणा जायला आठवडे लागू शकतात.*

पायरी २: यादी करा, पद शाईनं, नाव पेन्सिलनं

माझी सप्टेंबरची फजिती या एका सवयीनं टळली असती. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांबाबत २००५चा कायदा आहे. त्यानुसार साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ असतो आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. म्हणजे माणसं जाणार, खुर्ची राहणार. म्हणून वहीत पद पक्कं लिहा, नाव खोडता येईल असं लिहा, आणि दर जूनच्या पहिल्या आठवड्यात यादी तपासा.

यादी खालून वर करा. बहुतेक जण पंतप्रधानांपासून सुरुवात करतात आणि मुख्यमंत्र्यांपर्यंत येता येता दमतात. मग गावचा सरपंच, ज्याच्याशी रोज गाठ पडते, तो राहूनच जातो.

गाव: सरपंच, उपसरपंच, सदस्य, पोलीस पाटील, ग्रामसेवक आणि तलाठी. शेवटच्या दोघांची अधिकृत नावं आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ आणि ‘ग्राम महसूल अधिकारी’ अशी झाली आहेत. देवाला दोन्ही कळतात, पण अर्ज लिहिताना नवीन नाव वापरा.

तालुका: तहसीलदार, गटविकास अधिकारी, ठाणेदार, पंचायत समितीचे सभापती.

जिल्हा: जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी, पालकमंत्री, जिल्हा न्यायाधीश. २०२२ नंतर काही वर्षं बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडून आलेलं कुणी नव्हतं, प्रशासक होते. त्या काळात कित्येक मंडळ्या ‘अध्यक्षांसाठी’ प्रार्थना करत राहिल्या. नसलेल्या माणसासाठी.

विभाग: छत्रपती संभाजीनगरला बसणारे विभागीय आयुक्त. मराठवाड्यातले आठही जिल्हे त्यांच्याकडे येतात, पण प्रार्थनेत त्यांचं नाव मी अजून कुठे ऐकलेलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाचं इथलं खंडपीठही असंच विसरलं जातं.

राज्य व देश: राज्यपाल, मुख्यमंत्री, मंत्रिमंडळ, विधानसभेच्या २८८ जागांपैकी मराठवाड्यातल्या ४६, लोकसभेच्या राज्यातल्या ४८ पैकी आपल्या ८. मग राष्ट्रपती, पंतप्रधान, सर्वोच्च न्यायालय. विरोधी पक्षनेतेही याच यादीत, कारण सरकारवर लक्ष ठेवणं हेही राज्यकारभाराचंच काम.

सगळे एका दिवसात घेऊ नका. आम्ही वार ठरवलेत: सोमवारी गाव, मंगळवारी तालुका, बुधवारी जिल्हा असं. घरी दिवसाला तीन-चार पदं पुरे.

पायरी ३: त्या टेबलावर आज काय आहे ते शोधा

‘विषय’ नसलेला अर्ज आवक-जावक बारनिशीत चढतो, पण पुढे सरकत नाही. टेबलावरचा माणूस तो दोनदा उलटापालटा करून पाहतो आणि बाजूला ठेवतो. देव काही अव्वल कारकून नव्हे, विषय नसला तरी तो ऐकतो. पण विषय आपल्यासाठी लागतो. कशासाठी मागितलं हेच ठाऊक नसेल तर मिळालं की नाही हे कळणार कसं?

पारसाच्या राजाच्या चाकरीतल्या नहेम्याचं उदाहरण घ्या. यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी कळल्यापासून राजासमोर तोंड उघडेपर्यंत सुमारे चार महिने गेले, आणि ते त्यानं उपासात-प्रार्थनेत काढले. राजानं ‘काय पाहिजे?’ असं विचारलं तेव्हा त्याच्याकडे सगळं तयार होतं: नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, आणि लाकडासाठी राजाच्या वनाच्या रखवालदाराला पत्र, त्याच्या नावासकट. (नहेम्या २:४-८ वाचा. एवढी पक्की मागणी मी सगळ्या नोकरीत दोनचार अर्जांतच पाहिली असेल.)

मराठवाड्यात वर्षाचे विषय बरेचसे ठरलेले आहेत. वहीच्या मागच्या पानावर हे मांडून ठेवा.

जानेवारी ते मार्च: २६ जानेवारीची ग्रामसभा, १ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प, मग राज्याचं अर्थसंकल्पी अधिवेशन, दहावी-बारावीच्या परीक्षा. परीक्षा केंद्रावर कॉपी रोखणाऱ्या शिक्षकावर, पोलिसावर गावातूनच दबाव येतो. त्यांच्यासाठी धैर्य मागा. आपल्या लेकराला सोपा पेपर मागण्याआधी.

एप्रिल ते जून: टँकर, विहिरींचं अधिग्रहण, १ मेची ग्रामसभा, बदल्या, खरिपाचं बियाणं-खत, बँकेचं पीककर्ज. उन्हाळ्यात टँकरच्या खेपांत पाणी मुरतं ते कुठे, हे गावाला माहीत असतं. त्या खेपांची नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याच्या प्रामाणिकपणासाठी नेमकी प्रार्थना करता येते.

जुलै ते ऑक्टोबर: पावसाचा खंड किंवा अतिवृष्टी, पंचनामे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा, १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन. १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडी धरणाचा, म्हणजे नाथसागराचा, साठा मोजला जातो. तो ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा निकष गेली काही वर्षं लागत आलाय. त्या आदेशावर सही करणाऱ्या अधिकाऱ्यावर दोन्हीकडून ताण असतो. आपण नाथसागराच्या खाली राहतो म्हणून फक्त ‘पाणी सुटू दे’ एवढंच मागणं मला खटकतं. वरच्या बाजूलाही मंडळ्या आहेत, तेही त्याच बापाकडे मागतात. न्याय्य मोजमाप मागा.

नोव्हेंबर-डिसेंबर: ऊसतोडीला गेलेली कुटुंबं, त्यांच्या लेकरांची शाळा, पैसेवारी (पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज; ५० पैशांच्या आत आली की दुष्काळी सवलतींचा मार्ग खुला होतो), नागपूरचं हिवाळी अधिवेशन.

*सावधान: मोबाइलवर फिरणारा मजकूर हा विषय नव्हे. ‘अमक्या मंत्र्यानं आपल्याविरुद्ध असं केलं’ अशी क्लिप आली आणि त्यावर रात्रभर जागरण-प्रार्थना झाली, सकाळी ती क्लिप दुसऱ्याच राज्यातली, जुनी निघाली, हे आमच्याकडे घडलंय. दोन वर्तमानपत्रांत छापून येईपर्यंत थांबा.*

पायरी ४: प्रार्थनेचा क्रम

आधी उपकारस्तुती. इथे लोक अडतात: ‘यांच्याबद्दल आभार कसले मानायचे?’ शोधा. रात्री दोन वाजता अपघातस्थळी आलेला हवालदार, लसीकरणाची मोहीम, वेळेवर मिळालेला दाखला. एक खरी गोष्ट सापडली की पुढची सगळी प्रार्थना खोटी वाटायची थांबते. खोटी स्तुती मात्र नको. देवापुढे कुणाचा अभिनंदनाचा फलक लावायचा नाही.

मग कबुली, आणि ती ‘आम्ही’ म्हणून. नहेम्या (१:६) आणि दानीएल (अध्याय ९) दोघांनीही राष्ट्राचं पाप सांगताना स्वतःला त्यात धरलं. आपल्या कबुलीत काय येईल? मतासाठी घेतलेलं पाकीट. रांग मोडायला लावलेला वशिला. जातीतला म्हणून दिलेलं मत. चिरीमिरी घेणाऱ्यावर बोट दाखवताना देणारे बहुतेकदा आपणच असतो. निम्म्या सभांमध्ये हा भाग वगळला जातो असं माझं निरीक्षण आहे, आणि का वगळला जातो हे सांगायला नको.

नंतर विनंती. पदाच्या कामाला धरून मागा:

- न्यायनिवाडा करणाऱ्यासाठी, म्हणजे न्यायाधीश, तहसीलदार, ठाणेदार यांच्यासाठी, शलमोन राजानं मागितलं ते: ऐकणारं, बरं-वाईट पारखणारं मन (१ राजे ३:९).
- पैशाच्या जागेवर बसलेल्यासाठी: लाच शहाण्याचे डोळे आंधळे करते (अनुवाद १६:१९), त्यापासून राखण.
- मंत्री, आमदार, खासदारांसाठी: चांगले सल्लागार. शलमोनाचा मुलगा रहबाम याचं राज्य फुटलं ते म्हाताऱ्यांचा सल्ला टाकून बरोबरीच्या पोरांचं ऐकल्यामुळे (१ राजे १२). साहेबांच्या भोवती कोण बसतं यावर तालुक्याचं निम्मं भवितव्य ठरतं.
- सगळ्यांसाठी ७२वं स्तोत्र समोर ठेवा. त्यातला राजा दीनांचा न्याय करतो, आरोळी मारणाऱ्या गरिबाला सोडवतो. ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेल्या उचलीत अडकलेलं जोडपं, रेशनच्या यादीतून गळालेली म्हातारी, यांची नावं मनात धरून ते वाचा.

रदबदली त्यानंतर, आणि ती माणसासाठी, पदासाठी नव्हे. त्याची झोप, रक्तदाब, घर, बायको, लेकरं, प्रवासातली सुरक्षितता. लोकांना वाटतं सरकारी गाडीत बसणाऱ्याला काय कमी. मी त्या गाडीत फायली घेऊन बसलोय. मागच्या सीटवर दोन तास फोन आणि एका हातात गार झालेला वडापाव, असं चालतं.

त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करावी का? करावी. १ तीमथ्य २:४ तेच सांगतं. पण ज्या साहेबांचा धर्म वेगळा आहे त्यांचं नाव भोंग्यावरून घेऊन ती करू नये. तो विषय खोलीचं दार लावून देवाशी बोलण्याचा आहे. उघड्यावर त्याचा अर्थ बाजारात वेगळाच लागतो, आणि तुमच्या प्रेमावरचा त्या माणसाचा विश्वासही जातो.

शेवटी सोपवणं. राजाचं मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखं आहे, असं नीतिसूत्रे २१:१ मध्ये आहे. हे समजायला दारं धरलेला माणूस लागतो. रात्रीची लाईट आलेली, पाटात पाणी, हातात खोरं. एका वाफ्याचं तोंड मातीनं बुजवायचं, दुसऱ्याचं उघडायचं. पाणी आपोआप वळतं, ढकलावं लागत नाही. प्रार्थनेत खोरं आपल्या हातात नाही. म्हणून ‘प्रभू, त्याच्याकडून अमुक करून घेच’ असा हुकूम सोडायचा नाही. विनंती सांगून झाली की खाली बसायचं.

पायरी ५: सभेत मोठ्यानं करताना

तीन मिनिटं. घड्याळ लावून. गुड फ्रायडेच्या कॅथलिक उपासनेत सत्तेवर असलेल्यांसाठी ठरलेली एक प्रार्थना असते. ती किती आटोपशीर असते ते एकदा ऐका.

देवाला बातम्या सांगू नका. ‘प्रभू, काल मुंबईत झालेल्या बैठकीत असं ठरलं की...’ हे प्रभूला नव्हे, शेजारच्यांना सांगणं झालं. माहिती द्यायची असेल तर प्रार्थनेआधी, डोळे उघडे असताना, दोन वाक्यांत द्या.

पक्षाचं नाव नको, चिन्ह नको, जातीचं नाव नको. आरक्षणाचा विषय तर आपल्या भागात कडेलोटावर आहे. एकाच बाकावर दोन बाजूंचे लोक बसतात, आणि एका बाजूनं प्रार्थना झाली की दुसरा ‘आमेन’ गिळतो. ‘या प्रश्नावर निर्णय घेणाऱ्यांना न्याय आणि धीर दे, आणि गावागावातला शेजार टिकू दे’ एवढं दोघांनाही मनापासून म्हणता येतं.

*तपासा: तुम्ही ज्याच्यासाठी प्रार्थना केली तो माणूस मागच्या रांगेत बसून ऐकत होता असं समजा. एखादं वाक्य बदलावंसं वाटलं का? मग तेच वाक्य चुकलं होतं.*

पायरी ६: निवडणुकीचा महिना

या काळात चूक झाली तर ती नुसती आध्यात्मिक राहत नाही. धर्माच्या नावावर मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम १२३(३) खाली भ्रष्ट आचार आहे. आदर्श आचारसंहितेत प्रार्थनास्थळं प्रचाराला वापरू नयेत असं स्पष्ट आहे, आणि धार्मिक संस्थांचा राजकारणासाठी गैरवापर रोखणारा १९८८चा वेगळा कायदाही आहे. तेव्हा पाळकसाहेबांनी वेदीवरून ‘अमक्याला निवडून आण’ म्हणणं बंद.

उमेदवार उपासनेला आलेच तर? येतातच, शेवटच्या रविवारी हमखास. बसायला जागा द्या, सलाम करा. हार नको, माइक नको, पुढे बोलावून डोक्यावर हात ठेवणं नको, कारण तो फोटो संध्याकाळी फलकावर दिसतो. नेहमीच्या प्रार्थनेत सर्व उमेदवारांसाठी, मतदान केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांसाठी, शांततेसाठी मागा. कुणी पाकीट पुढे केलं तर मंडळीच्या पंचांनी तिथल्या तिथे परत करायचं. ‘चर्चच्या छताला लागतील’ म्हणून ठेवून घेतलेलं पाकीटही पाकीटच.

निकालानंतर दोन्ही नावं घ्या, जिंकलेल्याचं आणि हरलेल्याचं. हरलेल्यासाठी कुणीच प्रार्थना करत नाही.

तुमचं मत ज्याच्या विरोधात होतं तोच निवडून आला, तरी यादी बदलत नाही. यिर्मयानं (२९:७) ज्या शहरासाठी प्रार्थना करायला सांगितलं ते बंदिवासातलं बाबेल होतं. प्रार्थना म्हणजे पाठिंबा नव्हे. रोमकरांस पत्राचा १३वा अध्याय (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) दाखवून ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्यांना प्रेषितांची कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे) दाखवावं. निवेदन द्या, धरणं धरा, कोर्टात जा, आणि ज्याच्याविरुद्ध दाद मागताय त्याच्यासाठी त्याच दिवशी प्रार्थनाही करा. जमतं. सोपं नाही.

पायरी ७: साहेबांना भेटायला जाताना

ही पायरी ऐच्छिक आहे, पण केली तर नीट करा. दोघांनी जायचं. वेळ घेऊन जायचं, अभ्यागतांच्या वेळेत रांगेत बसायचं. बोलायचं एवढंच: ‘‘साहेब, आमची मंडळी दर आठवड्याला तुमच्यासाठी प्रार्थना करते. तुमचा काही विषय असेल तर सांगा, नसेल तरी चालेल.’’

बरोबर अर्ज नेऊ नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. प्रार्थनेचं बोलून झालं की हळूच पिशवीतून दफनभूमीच्या जागेचा कागद काढायचा! साहेब मनात म्हणतात, ‘हां, आता खरं काम.’ दफनभूमीचा प्रश्न रास्त आहे. तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसांनी, पोच घेऊन मांडा. फोटोही नको. छापील दिनदर्शिका किंवा शुभवर्तमानाची प्रत न मागता टेबलावर ठेवू नका.

विषय सांगितलाच तर तो तुमच्याजवळ ठेव म्हणून दिलाय. इथे मी स्वतः घसरलोय. एका अधिकाऱ्यानं खुर्चीतून थोडं पुढे वाकून, दाराकडे बघत, मुलाच्या आजाराबद्दल सांगितलं. गुरुवारी मी भाबडेपणानं ते नावासकट प्रार्थनेत घेतलं. त्यांचा चालक कुणाचा तरी पाहुणा निघाला. शनिवारपर्यंत कचेरीभर झालं. मी माफी मागायला गेलो, त्यांनी ‘असू द्या’ म्हटलं आणि चहा सांगितला, पण पुन्हा कधी काही सांगितलं नाही.

*सावधान: खासगी विषय सभेत ‘एका अधिकाऱ्याच्या घरातली अडचण’ एवढाच. तालुका लहान असतो. आजाराचं नाव घेतलं तरी माणूस ओळखला जातो.*

पायरी ८: वही आणि पाठपुरावा

शंभर पानी वही पुरे. चार रकाने: तारीख, पद, काय मागितलं, पुढे काय झालं. चौथा रकाना घाईनं भरू नका. पाऊस पडला की ‘उत्तर मिळालं’ आणि नाही पडला की रकाना कोरा, असा हिशेब आम्ही सुरुवातीला करत होतो. आता ‘नाही झालं’ हेही लिहितो, तारखेसकट. महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी वही वाचून दाखवायची. झालेल्यासाठी उपकार, न झालेलं पुढच्या महिन्यात ओढायचं. शमुवेलानं लोकांसाठी प्रार्थना करायची सोडणं हे पाप धरलं होतं (१ शमुवेल १२:२३), त्यामुळे कंटाळा आला म्हणून ओळ खोडता येत नाही.

वहीचा एक फायदा आम्हाला उशिरा कळला. सलग तीन महिने ‘ग्रामसभेत योग्य ठराव होऊ दे’ असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा एका मावशीनं विचारलं, ‘‘पण आपल्यापैकी ग्रामसभेला जातं कोण?’’ कुणीच जात नव्हतं. २ ऑक्टोबरला सात जण गेले. दफनभूमीच्या रस्त्याचा विषय तिथे मांडला, तो इतिवृत्तात आला. रस्ता अजून झालेला नाही.

यंदाच्या जूनमध्ये यादी तपासली. तीन नावं खोडली, दोन नवीन लिहिली. तिसऱ्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही, शेजारच्या तालुक्यातल्या मॅडमकडे अतिरिक्त कार्यभार आहे. म्हणून तिथे पेन्सिलनं ‘प्रभारी’ लिहिलंय आणि मंगळवारी त्यांचं नाव दोनदा घेतो, कारण दोन कचेऱ्यांच्या मध्ये त्यांचा रोजचा रस्ता पन्नास किलोमीटरचा आहे आणि त्यावर खड्डे आहेत.